खिंडीवरच्या चौकीचं नाव

कुन्डूझ, माझ्या सोन्या, तुझ्या आजोबांचं नाव मी कधी घेत नसे. आपल्या अलायच्या डोंगरांत सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्याच नावाचा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला तरी मी ‘झेपावणारा’ म्हणते. घरात याची कधी अडचण झाली नाही. झाली ती मी नोकरी करत होते त्या पलटणीच्या संदेश-कक्षात.

जुन्या टेलिफोनला नाव लागत नसे. प्रत्येक चौकीची तार वेगळी. मूठ फिरवली की वर घंटा वाजायची. मग नवे रेडिओ आले, सगळ्या चौक्या एका जाळ्यात आल्या. हाक सगळ्यांना ऐकू जाणार, उत्तर मात्र जिचं नाव घेतलं तिनेच द्यायचं. ही नावं राजधानीत ठरली, आणि खिंडीवरच्या चौकीला नेमकं तुझ्या आजोबांचं नाव मिळालं.

मी मेजर जुमाबाएवांकडे गेले. “सर, एवढं एक बदलून द्या.”

“सूनबाई, सैन्य काय तुमच्या सासूला विचारून चालवायचं?”

त्याच आठवड्यात कर्नलसाहेबांच्या गाडीचं रेडिओवरचं नाव ‘कावळा’ बदलून ‘हिमबिबट्या’ झालं. साहेबांना कावळा आवडला नव्हता म्हणे!

मग मी ‘झेपावणारा’ अशीच हाक देत राहिले. वरून चौकीचा रेडिओवाला मेलिस ओरडायचा, “बोला वहिनी, तुमचा झेपावणारा गारठलाय!” मेजर शेजारी उभे राहून खुदुखुदु हसायचे.

वसंतात त्या चौकीवर साहेब म्हणून लेफ्टनंट एर्मेक आला, नवाकोरा, नियम तोंडपाठ. एका दुपारी हवामानवाल्यांचा निरोप आला: खिंडीवरचं बर्फ सुटतंय, गस्त मागे बोलवा.

“झेपावणारा, गस्त मागे घ्या! झेपावणारा!”

उत्तर नाही. पुन्हा हाक दिली. नुसती खरखर. वर काय चाललं होतं ते नंतर कळलं. मेलिस गयावया करत होता, “साहेब, ही आमची वहिनी आहे!” आणि साहेब म्हणत होता, “यादीत वहिनी नाही. शत्रूची हूल असेल.”

गस्तीवरची पोरं त्या सुटणाऱ्या बर्फाखालून चालत होती, गं. मी बटण दाबलं आणि ओरडले, “शुमकार! शुमकार! गस्त मागे घ्या!”

“शुमकार ऐकतोय,” एर्मेक लगेच म्हणाला. लगेच!

सगळे जिवंत परतले. पण सर्वांत मागे चालणाऱ्या तालायचा पाय बर्फाखाली चिरडला.

मेजरांनी माझ्यापुढे कागद सरकवला. उशीर झाला तो माझ्या मागासलेल्या रिवाजामुळे, असं त्यात लिहिलं होतं.

“सही करा.”

“कावळ्याचा हिमबिबट्या कसा चटकन झाला, तेही लिहा. मी विनवलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते लिहा. हाकेला शेजारी उभे राहून हसायचात, तेही लिहा. मग करते सही.”

“नोकरी जाईल, सूनबाई.”

“तालायचा पाय गेला, सर.”

कागद तसाच ठेवून मी घरी आले. सासूबाई तुला खांद्यावर घेऊन दारातच उभ्या होत्या. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती.

“नाव घेतलंस?”

“घेतलं.”

त्यांनी तुला माझ्या हातात दिलं, डोक्याचा रुमाल करकचून बांधला आणि बूट चढवले.

“त्या मेजरचं पाळण्यातलं नाव काय गं?”

“कशाला, आई?”

“मी काही त्याची सून नाही. छावणीच्या फाटकावर उभी राहून घेते त्याचं नाव, बापासकट. बघू आता तो हसतो का.”