पिवळा खळगा

खळगा पिवळा पडला तेव्हा तिला आधी हसूच आलं.

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये ती सगळ्यांची ताई. कावीळ-बीच्या तपासणीची, खळग्याखळग्यांची प्लेट लावताना एका खळग्यात निरोगी रक्त घालायचं. लागण असली की खळगा पिवळा होतो; हा कोरा राहिला तरच बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा. विकतच्या निरोगी नमुन्याशेजारी ती कित्येक वर्षं स्वतःचंच रक्त घालत आली होती. तेवढीच तिची मिजास. लसीसाठी साऱ्या लॅबच्या मागे लागणारी ती, स्वतःची वेळ आली की 'पुढच्या महिन्यात' म्हणायची.

तिने प्लेट पुन्हा लावली. विकतचा खळगा कोरा, तिचा पिवळाधमक. कुणीतरी न विचारता तिच्या अंगात बिऱ्हाड थाटलं होतं.

"सुई टोचली असेल, ताई," शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली.

"आठवत नाही गं. आधी घरच्यांचं रक्त बघते."

नवरा बाही सरकवून बसला. "मला काय धाड भरलीय? साधी सर्दी होत नाही मला."

"म्हणूनच बघतेय."

त्याचाही खळगा पिवळा झाला. पण त्याच विषाणूच्या 'ई' नावाच्या प्रथिनाची वेगळी तपासणी कोरी आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. 'ई' सापडलं की लागण जोरात, नाही सापडलं की मंद, हे तिला तोंडपाठ होतं. डॉक्टरांनी मात्र मान हलवली. "काही विषाणू 'ई' बनवतच नाहीत, आणि आत वाढत राहतात. विषाणू मोजून घ्या."

मोजणीचा आकडा लाखांत होता. इतकी वर्षं शेजारी घोरणारा धडधाकट माणूस, आणि त्याच्या आत हे मुकाट चाललेलं. तिच्या अंगावर काटा आला. त्याची दयाही आली.

घरी गेली तर त्याने आपलं ताट-कप खिडकीत वेगळं ठेवलेलं.

"त्याने नाही लागत ते," ती म्हणाली.

"मग तुला कशाने लागलं?"

तिने आतल्या पलंगाकडे पाहिलं. त्याला उमजलं, तशी त्याने मान खाली घातली. तिने त्याचा कप उचलून आपल्या कपाशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेजारचीने प्लेट पुढे ओढली. "ताई, तुमच्या जागी आता कुणाचं घालू?"

"तुझं घाल. लस झालीय ना तुझी?"

"झालीय की."

बाकीच्या खळग्यांत रंग चढायला लागला, तशी ताई तिच्या खळग्यावर वाकून श्वास रोखून उभी राहिली.