जाळीत अडकलेले दात

वडिलांना पुरून अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी माझ्या बहिणीचा नवरा ड्वेन केशरी रंगाचा डबा आणि चार इंची ब्रश घेऊन आमच्या गराजच्या दारात उभा राहिला. जिल्ह्याच्या जत्रेत दर ऑगस्टला गाड्यांच्या टकरी होतात. जुन्या गाड्या चिखलात एकमेकींवर आदळायच्या; जी शेवटपर्यंत हलत राहील ती जिंकली. टक्कर शनिवारी होती आणि ड्वेनला त्यासाठी बाबांची शहात्तर सालची लांबलचक गाडी हवी होती; रंग तिच्यावर नंबर काढायला.

"लोखंड आहे, लोखंड," बॉनेट थोपटत तो म्हणाला. "हल्लीच्या पत्र्याच्या डब्यांसारखं नाही."

"चालती गाडी आहे ती," मी म्हणाले.

"इर्या, इंजिन गेलंय तिचं. तेलाचा लाल दिवा लागतोय. बेअरिंगं झिजली." मग मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलण्यापूर्वी लोक आवाज जसा मऊ करतात तसा त्याने केला. "तुझ्या बाबांनी शेवटची दोन वर्षं तेलच बदललं नाही. आजारी माणूस, मी दोष देत नाही. पण इंजिन त्यांनीच मारलं."

हे वाक्य मी दफनानंतरच्या जेवणात दोनदा ऐकलं होतं, चर्चच्या तळघरात, बटाट्याच्या भांड्यांमधून. लोक सहानुभूतीने मान हलवत होते. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं या रस्त्यांवर टपाल वाटलं आणि दर तीन हजार मैलांना तेल बदललं. प्रत्येक तारीख गराजच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली होती. शेवटची याच जूनमधली.

मी ड्वेनला ती दाखवली.

"लिहायला काय जातं?" तो म्हणाला.

वाइनो काका, बाबांचे धाकटे भाऊ, ओट्यावर बसून बशीतून कॉफी पीत होते. साखरेचा खडा त्यांच्या पुढच्या दातांत होता, म्हणून त्यांचं प्रत्येक मत थोडं चुळबुळत बाहेर पडे. "ड्वेनला गाड्यांतलं कळतं, पोरी. तू ग्रंथालयातली. मे महिन्यात त्यानंच तर इंजिनातली टायमिंग चेन बदलली. एका दुपारात! गराजवाले दोन दिवस घेतात."

"दीड दुपार," ड्वेन विनयाने म्हणाला.

आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली नाही. "शुक्रवार संध्याकाळपर्यंत," ती आतूनच म्हणाली. "दिवा विझला तर गाडी इर्याची. नाही तर ड्वेन, तू ने."

मला गाडी नकोच होती. मिनिआपोलिसला मी बसने कामावर जाते. मला ड्वेनचं ते वाक्य त्यालाच परत घ्यायला लावायचं होतं.

दिवा खोटं बोलू शकतो. दिव्याचा स्विच खराब झाला तरी तो लागतो, म्हणून पहिल्यांदा मी स्विच काढून त्याच भोकात तेलाचा दाब मोजणारं बाबांचं काट्याचं गेज बसवलं. काटा खोटं बोलत नाही. गाडी थंड असताना त्याने पंचेचाळीस दाखवले. तापल्यावर, जागच्या जागी चालू असताना, वीस. वीस वाईट नाहीत.

"बघ, उतरलं," ड्वेन म्हणाला. तो मदतीला नव्हे, साक्षीला थांबला होता. "मी घट्ट तेल घातलं, वरून बाटलीतलं औषधही घातलं. तरी उतरतंय."

तेलाची पट्टी ओढली तर तिच्यावरून तेल ओघळेना. काकवी. ताप आलेल्या माणसाला सात गोधड्या घालाव्यात तसं या माणसाने इंजिनाला औषधपाणी केलं होतं.

"ॲक्सिलरेटर दाब," मी म्हणाले. "हळूहळू."

त्याने दाबला. काटा आधी तिसापर्यंत चढला आणि मग, इंजिन जोरात फिरत असतानाच, घसरायला लागला. पंधरा. आठ. लाल दिव्याच्या जागी आता काटा लाजत होता. मी हात वर केला, त्याने पाय काढला, आणि थोड्या वेळाने काटा पुन्हा विसावर आला.

"झिजली, म्हणालो ना."

बेअरिंगं झिजलेली असती तर उलट झालं असतं. जागच्या जागी दाब कमी आणि वेग वाढवला की जास्त. वेग वाढवल्यावर जो तेलाचा पंप उपाशी मरतो, त्याच्या तोंडाशी काहीतरी अडकलेलं असतं. हे मी ड्वेनला सांगितलं नाही. सांगून त्याला कळलं असतं असं मला वाटत नाही. आणि खरं म्हणजे हे मी शोधून काढलंच नव्हतं.

जुलैच्या सुरुवातीला बाबांनी मला फोन केला होता. ते फोनवर कधी फार बोलत नसत. "चढावर गॅस दिला की दिवा लागतो," ते म्हणाले. "पाय काढला की विझतो. गंमत आहे, नाही?" मी तेव्हा कुठल्यातरी पुस्तकाचं परीक्षण वाचत होते. नजर ओळीवर ठेवून मी म्हणाले, "बाबा, ड्वेनला विचारा ना." ते म्हणाले, "हो. ते पण आहे." पूर्ण निदान त्या दोन वाक्यांत होतं. अकरा वर्षांची असताना मला ते कळलं असतं. तेव्हा मी त्यांच्या हाताखाली दिवा धरत असे.

गुरुवारी मी तेल काढलं. गाडी जॅकवर चढवून लोखंडी घोड्यांवर ठेवली. या गाडीचं इंजिनाखालचं ऑइल चेंबर, म्हणजे तेलाची परात, सरळ खाली येत नाही, इंजिनच दोन इंच उचलावं लागतं. वाइनो काकांनी तुळईला साखळीची पुली बांधली आणि ओढताना मला तीनदा सांगितलं की हे बायकांचं काम नव्हे. ते धापा टाकत असल्याने मी वाद घातला नाही. मी गाडीखाली आडवी होऊन क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, पान्याने फिरवत राहिले. शेवटी त्या दांड्याची जड बाजू वर गेली आणि चेंबर मोकळं होऊन माझ्या छातीवर उतरलं.

चेंबरच्या तळाशी काळा गाळ होता. पंपाच्या नळीच्या तोंडाला सुपारीच्या डबीएवढी जाळी असते. त्या जाळीला नखाएवढे पिवळट तुकडे घट्ट चिकटले होते, बाकीचे गाळात. मी ते रॉकेलमध्ये धुतले. प्लास्टिकचे दात. त्या काळच्या इंजिनांत टायमिंग चेनच्या चाकाला आवाज कमी व्हावा म्हणून असे दात बसवलेले असत. म्हातारपणी ते तुटतात.

हातासरशी मी एक बेअरिंग उघडून पाहिलं. गुळगुळीत, करडं, एकही ओरखडा नाही.

शुक्रवारी दुपारी नवी जाळी, नवा पंप, साधं पातळ तेल. गाडी तापवली, ॲक्सिलरेटर दाबला. काटा चाळिसावर गेला आणि तिथेच राहिला. मी धुतलेले दात बशीत घालून स्वयंपाकघरात गेले आणि ड्वेनच्या कॉफीशेजारी ठेवले.

"हे काय?"

"मे महिन्यात चेनबरोबर तू जे चाक बदललंस, त्याचे दात."

"मग? नवीन चाक घातलं ना मी."

"जुन्याचे दात कुठे गेले, ड्वेन?"

"मला काय माहीत. पडले असतील."

"कुठे?"

त्याने खाली, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. या माणसाला विचार करताना मी पहिल्यांदा बघत होते. ओळखीचा व्यायाम वाटत नव्हता.

"बाबांनी तेल बदललं होतं," मी म्हणाले. "इंजिन तू मारत होतास."

तो उठला आणि दार न आपटता बाहेर गेला. काका कॉफी घेऊन त्याच्या मागोमाग. मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही, पण बरंच वाटलं.

आई वेलदोड्याचा पाव भट्टीतून काढत होती. "एकदा बोललीस ना? झालं आता."

"आई, तो गावभर सांगत फिरला."

"मी काय बहिरी आहे? जानेवारीत दारात छातीएवढा बर्फ साचतो. पहाटे पाचला ट्रकला फाळ लावून कोण येतं? तू येतेस?"

मी दातांची बशी टेबलावरून उचलली.

"तुझ्या बाबाला, रेइनोला, ठाऊक होतं दात कुठे आहेत ते. चेन बदलली त्याच रात्री मला म्हणाला, पोरानं चेंबर उघडलंच नाही." तिने पाव जाळीवर उलटा केला आणि तळाशी टिचकी मारून ऐकलं. "दिवा लागायला लागला तेव्हा मी म्हटलं, मग सांग त्याला. म्हणाला, नको, इर्याला सांगतो. इर्याला फोनवर सांगितलं की ती येईल."

भट्टीचं दार तिने बंद केलं. खिडकी उघडी होती. बाहेर बॉनेट वर होतं आणि ड्वेन काकांना काटा दाखवत होता.

"रेइनोनं तेल वेळच्या वेळी बदललं म्हणून बेअरिंगं वाचली," तो सांगत होता. "दुसऱ्या कुणाची गाडी असती तर कधीच बसली असती. मी पहिल्यापासून म्हणतोय, त्या माणसाचं इंजिन म्हणजे घड्याळ." काका मान हलवत होते. रविवारपर्यंत चर्चच्या तळघरात हेच ऐकू येणार होतं, याच तोंडून, याच खात्रीने.

मी दाराकडे वळले.

"इर्या," आई म्हणाली. "हात धू. आणि ड्वेनला पाव काप. कडेचा आवडतो त्याला."

मी हात धुतले. नखांतलं काळं निघालं नाही. मी कडेचा तुकडा कापला, लोणी लावलं आणि बाहेर नेऊन त्याला दिला.