साइन इन्व्हर्सचा ताळा

माहा संशय काही उगाच नव्हता बाप्पा! पुसदच्या कॉलेजात सात वर्षं गणित शिकवून राह्यलो. कॉपी करणारा मले चालीवरून कळते.

त्रेसष्ट सालची चाचणी. सवाल इंटिग्रेशनचा. म्या शिकवला तसा सोडवला तर सहा ओळी लागतेत, अन् पुस्तकाच्या मागं उत्तर छापलं आहे, 'साइन इन्व्हर्स टू एक्स मायनस वन'. फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या डोंगरसिंगनं दोनच ओळीत लिहिलं, 'टू साइन इन्व्हर्स रूट एक्स'.

ना माही रीत, ना पुस्तकाचं उत्तर! नक्की कुठून तरी चिठ्ठी आली, अन् तेही चुकीची. म्या भोपळा दिला अन् त्याले बोलावलं. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेच्या फॉर्मवर माही सही लागत होती, अन् तारीख त्याच दिवशी सरत होती. सही नाही तर पोराचं वर्ष गेलं.

"कोणाचं पाह्यलं बे?"

"कोणाचंच नाही, सर."

"मंग शिकवलं कोणं?"

तो टेबलावरच्या फॉर्मकडे पाह्यत राह्यला. माहा संशय आणखी पक्का झाला.

"बोल, नाही तर फॉर्म फाडतो!"

"सर, माही याडी, म्हंजे माय, भरतकाम करते. तांड्यातल्या बाया कापड पालथं करून मागचे टाके पाह्यतेत, मंगच चांगलं म्हणतेत. तुमीबी उत्तर उलटून पाहा ना."

लेकाचा मलेच शिकवते! वर्गात मीच तर सांगतो, उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढा, सवाल परत आला की उत्तर खरं. रागारागानं खडू उचलला अन् फळ्यावर ताळा केला. सवाल जसाच्या तसा परत आला. पुन्हा केला. तेच! दोन्ही उत्तरांत फरक फक्त एका ठरलेल्या आकड्याचा, अन् तो तर शेवटच्या 'प्लस सी'त जिरते.

खडू खाली ठेवला. "कोणं शिकवलं रे?" या खेपी आवाज उतरला होता.

"मोठ्या भावानं, देवसिंगनं. मागच्या साली तुमी त्याले याच उत्तरावर कॉपी म्हणून हाकललं, सर. आता जिनात कापसाच्या गाठी उचलते."

आठवला. चेहरा आठवला, त्याच्या त्या दोन ओळीबी आठवल्या. लाज वाटली मले. डोंगरसिंगच्या फॉर्मवर सही केली, टेबलातून दुसरा कोरा फॉर्म काढला.

"पळ, घेऊन ये त्याले. माही चूक झाली म्हणाव."

"येणार नाही तो, सर. पण मले म्हणे, कधी हिंमत झाली तर सरले एकच विचारजो. त्याचा पेपर तुमी उलटून पाह्यला होता का?"

खोटं बोलावंसं लय वाटलं.

"नाही," म्या म्हटलं.