वाळूचं पातेलं

"तिकडे काय उभी राहिलीस? बस की. बाँब निकामी करतोय का आपण?" सासरे म्हणाले आणि डिंक सैल व्हावा म्हणून फोनच्या कडेवरून त्यांनी हेअर ड्रायर आणखी एकदा फिरवला.

ती बसली नाही. दाराच्या चौकटीपाशी उभं राहिलं की टेबलही दिसत होतं आणि आतल्या खोलीत झोपलेली ठकीही. अकरा महिन्यांची पोर, मुठी आवळून गाढ झोपली होती.

फोन सासऱ्यांचा. आतली बॅटरी एवढी फुगली होती, की स्क्रीन एका बाजूने उचलली गेली होती. दुकानदार म्हणाला, चार दिवस ठेवा. चार दिवस होते कुठे? सोमवारी तिची रजा संपत होती. मग सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात फक्त ठकी आणि आजोबा, आणि मधूनमधून तिचा फोन. "बाबा आहेत की घरात. आणखी काय पाहिजे?" नवरा म्हणाला होता. काय पाहिजे ते तिलाही धड सांगता येत नव्हतं. आठवडाभर ती नुसती बघत होती.

चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, कपाटाएवढ्या दुकानात बसून. भिंग लावून लावून उजव्या डोळ्याभोवती उमटलेलं फिकट कडं अजून गेलं नव्हतं. आजही त्यांनी पांढऱ्या कागदावर फोनची आकृती काढली होती आणि जिथला स्क्रू तिथेच ठेवला होता. हात जराही थरथरत नव्हता. तिने ते मुद्दाम पाहिलं होतं.

"बाबा, नव्या बॅटरीसोबत आलेली प्लास्टिकची पट्टीच वापरा. लोखंड लावू नका असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचं काय जातं? या पट्टीने लोणीसुद्धा निघायचं नाही."

त्यांनी आपलं जुनं पातं उचललं. घड्याळाची पाठ उघडायचं, पोलादी.

चार्जिंग पार उतरू द्यायचं आणि शेजारी वाळू ठेवायची, एवढं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. कुंड्यांसाठी आणलेली वाळू भरायला ती ओट्याखालून जुनं दुधाचं पातेलं काढायला गेली, तर ते सगळ्यात मागे, उलटं घातलेलं. घासून घासून आतून चकचकीत, तरी तळाला तळहाताएवढा काळा डाग. दूध कोळसा होईपर्यंत जळल्याशिवाय असा डाग पडत नाही. बुधवारी ती ठकीला लस द्यायला घेऊन गेली होती, तेव्हाच. विचारायचं ओठांवर आलं होतं. पण तिने वाळू भरली आणि पातेलं टेबलावर ठेवलं. त्यांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

स्क्रीन बाजूला झाली आणि पातं बॅटरीखाली सरकलं. डिंक सुटल्याचा चरचर आवाज आला. मग वास. गोडसर, नेलपॉलिशची बाटली उघडल्यासारखा.

"बाबा, वास येतोय."

"कसला?"

त्यांनी मान खाली घातली. नाक पार फोनला टेकवलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"छे. काही नाही गं."

बॅटरी फुसफुसली. करडा धूर त्यांच्या तोंडावर आला, आणि ती धावली. ठकीला उराशी धरून जिन्यात पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण टेबलाकडे वळलोसुद्धा नाही.

परत आली तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या. पातेलं बाल्कनीत होतं, बॅटरी आत पुरून वाळू वरून थोपटून सारखी केलेली. सासरे खोकत खोकत दोन बोटं नळाखाली धरून उभे होते.

"ठकी रडली?"

"नाही. उठलीच नाही नीट."

हात पुसून ते पुन्हा टेबलाशी बसले. या वेळी प्लास्टिकची पट्टी घेऊन त्यांनी उरलेला डिंक खरवडला, नवी बॅटरी बसवली आणि कागदावरचा एकेक स्क्रू उचलून जागच्या जागी फिरवला. एकही उरला नाही.

"वास तुला पार दारापर्यंत आला?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"हो."

"बुधवारी मला धूर दिसला तेव्हा दूध जळल्याचं कळलं. मागच्या मोठ्या तापात नाकाला वास यायचा गेला, तो गेलाच."

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ठकीला ठेवली असतीस माझ्यापाशी?"

तिने ठकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"सोमवारची दुसरी सोय बघ," ते म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला मी सांगतो. तू नको सांगूस."

ते उठून खिडकीशी गेले. तिच्या खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर 'बाबा'. चार पावलांवर, तिच्याकडे पाठ करून, भाजलेल्या बोटांनी त्यांनी फोन कानाशी धरला होता. तिने उचलला.

"येतोय का आवाज?"

"येतोय, बाबा."

"स्वच्छ?"

"स्वच्छ येतोय."

"मग झालं तर," ते म्हणाले. फोन मात्र त्यांनी कानावरून काढला नाही. तिनेही नाही.