हरणांच्या वावरातला पिंजरा

मित्रांनो, मी कुणालाच आवडलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी तारेच्या जाळीचा एक जुना पिंजरा आहे. माझ्यात कधी पोपट बसला नाही की ससा. मला दार नाही, तळ नाही, छप्परही नाही. डुकरांच्या कुंपणाला लावतात तसली जाड जाळी गोल वळवून, टोकं एकमेकांत पिळून मला केलं आणि एका लोखंडी सळईने जमिनीला जखडून टाकलं. माझी उंची माणसाच्या छातीइतकी. माझ्या आत फक्त गवत राहायचं.

मला केलं शरयूने. ती अकोल्याची. तिथल्या कृषी महाविद्यालयात शिकून ती अमेरिकेत जॉर्जिया राज्यात संशोधनाला आली होती. हिवाळ्यात रानात हरणांना खायला कमी पडतं. तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम गहू, ओट आणि क्लोव्हर नावाचं तीन पानांचं गवत पेरलं, तर कळप खरोखर सुदृढ राहतो का, हे तिला तपासायचं होतं. एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात तिने जाळी कापली आणि मला वळवलं. त्या वेळी माझ्या एका तारेने तिचा तळहात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत फाडला. तिने हाताला रुमाल गुंडाळला, मला एक शिवी दिली आणि काम पुरं केलं. आमची ओळख झाली ती अशी.

माझं काम सोपं होतं. हरणाचं तोंड माझ्या आतल्या गवतापर्यंत पोचू द्यायचं नाही. आत किती उगवलं आणि बाहेर किती उरलं हे मोजलं, की मधला फरक हरणांच्या पोटात गेला असं समजायचं. माझ्यासारखे आणखी दोघे त्याच वावरात उभे होते. मुकी जनावरं भुकेली असताना आम्ही हिरवा चारा अडवून बसायचो. अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल? हरणं मला तेच म्हणत असणार.

जमीन होती डॉक्टर दिगंबर यांची. ते मूळचे वाईचे. जॉर्जियातल्या डोंगरपायथ्याच्या एका छोट्या गावात ते बारा वर्षं डॉक्टरकी करत होते. गावाबाहेर त्यांनी तीनशे एकर रान घेतलं होतं आणि रानाच्या कडेला घर बांधलं होतं. सकाळी ते आणि सुचित्राकाकू पडवीत चहा घेत आणि समोर येणारी हरणं बघत. गावकऱ्यांशी वाकडं नको म्हणून त्यांनी तिथल्या शिकारी मंडळाला रानात येऊ दिलं होतं, पण एका अटीवर. शिंगवाला नर मारा, मादीवर गोळी चालवायची नाही. ही अट त्यांनी सहा वर्षं पाळून घेतली. या सहा वर्षांत माद्या वाढल्या, त्यांची पाडसं वाढली, आणि त्या पाडसांतल्या माद्यांनाही पाडसं झाली.

पेरणीच्या दिवशी डॉक्टर खुशीत होते. शिकारी मंडळाचा हॉलिस नावाचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला होता. शरयूने मातीची तपासणी करून आणली होती. माती आंबट होती, म्हणून तिने आधी चुना टाकायला लावला.

"शेत मोठं करायचं का?" डॉक्टरांनी विचारलं. "लागेल तेवढं बियाणं आणतो. एकही हरीण उपाशी राहता कामा नये."

"काका, वावर मोठं करून भागणार नाही," शरयू म्हणाली. "आधी तोंडं किती आहेत ते बघू."

"तू पेर. बघायचं ते मी बघतो."

मला वाटतं, दोघांचं बिनसलं ते तिथेच.

पीक चांगलं उगवलं. ऑक्टोबरात सगळं वावर हिरवंगार झालं. पण त्या वर्षी ओकच्या झाडांना फळच धरलं नाही. हरणांची थंडीची शिदोरी म्हणजे ती ओकची फळं. रानात ती नाहीत म्हटल्यावर सगळा कळप वावरात उतरला. संध्याकाळी वीस असायची, आठवड्याने तीस. त्यांनी माझ्याभोवती फेऱ्या मारल्या, जाळीत नाकं खुपसली, एका नराने चिडून शिंगांनी माझी एक बाजू आत वाकवली. मी हललो नाही. नोव्हेंबरअखेर माझ्या आत गुडघाभर गहू होता आणि बाहेर फक्त माती.

शरयू दर शनिवारी दोन तास गाडी चालवत विद्यापीठातून यायची. त्या शनिवारी तिने डॉक्टरांना माझ्याजवळ बोलावून घेतलं.

"हे बघा काका. आत बघा आणि बाहेर बघा."

"मग आणखी पेरू."

"आता थंडीत काही उगवून नाही राहिलं. हरणं फार झाली आहेत. डिसेंबरात सरकारने माद्यांच्या शिकारीला दोन दिवस दिलेत. हॉलिसच्या लोकांना पंधरा माद्या मारू द्या. उरतील त्या तरी धड जगतील."

डॉक्टरांनी गव्हाकडे पाठ केली. मग म्हणाले, "मी तुला हरणं जगवायला बोलावलं. तुझ्या आईवडिलांना ठाऊक आहे का, तू इथे काय शिकतेस ते?"

"माझ्या आईवडिलांना मध्ये आणू नका."

"माझ्या जमिनीवर मादी मरणार नाही. विषय संपला."

"मरणार आहेच, काका. फक्त गोळीने नाही मरणार."

ते वळून घरी गेले. सुचित्राकाकू थर्मासमध्ये चहा घेऊन येत होत्या, त्यांनाही त्यांनी वाटेतून परत नेलं. शरयूने एकटीने मोजमाप केलं. सळई घट्ट करताना तिने मला इतक्या जोरात लाथ मारली की माझ्या तारा कितीतरी वेळ थरथरत होत्या.

माद्यांच्या शिकारीचे दोन दिवस आले आणि गेले. एकही गोळी सुटली नाही.

जानेवारीत थंडी पडली. म्हातारे सांगत, असा गारठा आपण आयुष्यात पाहिला नाही. ओढा गोठला. हरणं आता फेऱ्या मारत नव्हती, नुसती उभी असायची. त्यांच्या पाठीचे मणके दुरून मोजता येत होते. एक पाडस रोज माझ्यापाशी यायचं. जाळीच्या भोकातून जीभ घालायचं आणि गव्हाची दोन-तीन पाती ओढायचं. जाळीलगत जेवढं होतं तेवढं त्याने संपवलं. मग त्याने मान घातली, पण खांदे अडले. एका सकाळी ते उठलंच नाही. त्याचं अंग माझ्या तारांना टेकून गोठलं होतं आणि त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हिरवा गहू होता.

मित्रांनो, पिंजऱ्याला लाज वाटते की नाही, मला माहीत नाही. पण त्या सकाळी मी लोखंडाचा नसतो तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी ते पडवीतून पाहिलं. ते कोट न घालता धावत आले. त्यांनी पाडसाच्या मानेला दोन बोटं लावली, आणि मग मला धरलं. सळई गोठलेल्या मातीतून निघेना, तेव्हा त्यांनी मला मुळासकट उपटावं तसं हिसडलं. मला आणि माझ्या दोन्ही भावांना त्यांनी ओढ्याच्या काठी काटेरी झुडपात फेकून दिलं. दुपारपर्यंत हरणांनी आमच्या जागेवरचा गहू खाऊन टाकला. तीस तोंडांना तो घासभरही झाला नसेल.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शरयू आली आणि तीन उघड्या गोलांकडे बघतच राहिली. चार महिन्यांचं मोजमाप वाया गेलं होतं. डॉक्टर आधीच तिथे उभे होते. सुचित्राकाकू मागे होत्या.

"तुझ्या जाळीने मारलं त्याला," डॉक्टर म्हणाले. "अन्न समोर ठेवून मारलं. तुझं सामान उचल आणि चालती हो."

"मी जाते. आधी हे बघा, मग जाते."

"मला काही बघायचं नाही."

"अहो, तिला बोलू द्या," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

शरयूने गाडीतून करवत आणली. ती पाडसापाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या मागच्या पायातलं मांडीचं हाड कापलं. हाडाचे दोन भाग करून त्यातला एक तिने डॉक्टरांसमोर धरला.

"तुम्ही डॉक्टर आहात. हाडातली मज्जा बघा. खाऊनपिऊन असलेल्या हरणाची पांढरी आणि घट्ट असते, लोण्यासारखी. ही कशी आहे, तुम्हीच सांगा."

ती लाल होती. जेलीसारखी थलथलत होती.

"शरीर आधी पाठीवरची चरबी खातं, मग पोटातली, आणि सगळ्यात शेवटी ही," ती म्हणाली. "हे एका रात्रीत झालेलं नाही, काका. दोन महिने हे पाडस मरत होतं. तुम्ही चहा घेताना रोज बघत होतात."

मित्रांनो, हे वाक्य तिने बोलायला नको होतं. खरं होतं, तरीही. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हाडाचा तुकडा हातात घेतला, बोटाने मज्जा दाबून पाहिली आणि तो तसाच हातात घेऊन घराकडे चालू लागले. शरयू गाडीत बसून निघून गेली. आम्हाला न्यायलाही ती थांबली नाही. तिचं संशोधन एका वर्षाने लांबलं, असं हॉलिस नंतर कुणालातरी सांगत होता.

मी झुडपात आडवा पडून होतो. तिथून मला ओढा दिसायचा. फेब्रुवारीत हरणं पाण्याकडे येत आणि त्यातली काही तिथेच बसत. बसलेली उठत नसत. डॉक्टर रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी तिकडे येऊ लागले. त्यांच्या हातात करवत असायची. प्रत्येक मेलेल्या हरणापाशी ते बसत, मांडीचं हाड कापत, उजेडात धरून पाहत आणि वहीत काहीतरी लिहीत. घरात अंडंही न चालणारा तो माणूस रक्ताळलेल्या हातांनी ओढ्याकाठी बसलेला असायचा. अकरा हरणं मेली. अकराही वेळा मज्जा लाल होती. अकराव्या हरणानंतर त्यांनी वही मिटली. परत जाताना आम्हा तिघांना झुडपातून ओढून काढलं आणि वावरात नेऊन ठेवलं. सळई त्यांना नीट ठोकता आली नाही. मी तिरकाच उभा राहिलो.

सप्टेंबरात ट्रॅक्टरचा आवाज आला. हॉलिसबरोबर शरयू होती. डॉक्टर बाहेर आले नाहीत.

"डॉक म्हणालेत, पेरून घ्या," हॉलिसने तिला सांगितलं. "आणि डिसेंबरात माद्यांच्या दिवशी आमच्या मंडळाला यायला सांगितलंय. किती मारायच्या ते तू ठरवायचंस."

"ते स्वतः का नाही बोलले?"

"त्यांना तुझं तोंड बघायचं नाही," हॉलिस म्हणाला. "हेही मला सांगायला सांगितलं होतं. मी सांगणार नव्हतो, पण तू विचारलंस."

शरयूने मला सरळ केलं आणि सळई खोल ठोकली. "मलाही त्यांचं बघायचं नाही," ती म्हणाली.

डिसेंबरातल्या त्या दोन दिवसांत मी चौदा गोळ्या ऐकल्या. डॉक्टर आणि काकू त्या दोन दिवसांसाठी गाव सोडून गेले होते. शरयू मात्र तिथेच थांबली. आणलेल्या प्रत्येक मादीचं तिने वजन केलं, दात तपासून वय लिहिलं. तेराव्या मादीनंतर ती माझ्यामागे येऊन ओकली, तोंड पुसलं आणि चौदाव्या मादीचं वजन करायला परत गेली. कुणालाही तिने हे कळू दिलं नाही. मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

त्या हिवाळ्यात माझ्या आत गुडघाभर गहू होता आणि बाहेर घोट्याच्या वरपर्यंत. हरणं यायची, खायची आणि निघून जायची. माझ्याकडे ती वळूनही बघत नव्हती.

जानेवारीतल्या एका शनिवारी शरयू मोजायला बसली होती. थंडीने तिची बोटं वळत नव्हती, पेन्सिल दोनदा हातातून पडली. डॉक्टर वावर ओलांडून आले. त्यांनी पेन्सिल उचलली, तिच्या मांडीवरची वही घेतली आणि म्हणाले, "आकडे सांग."

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. आतले, बाहेरचे, तिन्ही पिंजऱ्यांचे. सगळं संपल्यावर त्यांनी वही परत केली.

"मी तुला माफ केलेलं नाही," ते म्हणाले.

"मी माफी मागितली नव्हती, काका."

"पडवीतल्या चहावरून जे बोललीस, त्याबद्दलही नाही."

"त्याबद्दल मागायला हवी होती," ती म्हणाली. तरीही तिने ती मागितली नाही. डॉक्टर वावर ओलांडून घरी गेले. त्या दोघांना एकत्र मी पुन्हा पाहिलं नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. शरयूचा अभ्यास पुरा झाला आणि ती दुसऱ्या राज्यात नोकरीला गेली. मी अजून वावरात आहे. डॉक्टर दर शनिवारी येतात, आता त्यांनाही सळई ठोकता येते. तुम्ही मुक्या जनावरांना खायला घालणार असाल, तर जरूर घाला. पण घालून लगेच समाधानाने घरी जाऊ नका. महिन्याने परत या, गुडघे टेकून बसा आणि काय उरलं आहे ते मोजा. आकडा आवडला नाही तर माझ्यासारख्या पिंजऱ्याला लाथ मारा. मला त्याची सवय आहे. पण मला उपटून फेकू नका.