वाट पाहू नका

पेंटरच्या ताईचं गाव लांब पडायचं. नकाशात ते अगदी शेजारी होतं, पण बस आधी उलट्या दिशेला जायची, मग नदीला वळसा, मग दुसरी बस. पोचेपर्यंत माणूस ज्याच्याकडे निघाला त्याच्यावरच वैतागलेला असायचा. पेंटरला हे अंतर मानवलं होतं. ताईचा फोन आला की तो म्हणायचा, "येतो गं, पण लांब पडतं." पुढे पुढे फोनही येईनासा झाला.

मग दोन्ही गावांच्या पालिकांना एकाच वेळी सुबुद्धी झाली. इकडची बाग, मधलं कुरण, कालव्याकाठची झाडं आणि तिकडचं खेळाचं मैदान जोडून त्यांनी एक पायवाट काढली. पाट्या रंगवायचं काम पेंटरकडे आलं. पहिल्याच पाटीवर त्याला स्वतःच्या हातानं लिहावं लागलं, 'पलीकडचे गाव: चालत अर्धा तास'. ते इतकं जिवावर आलं की 'अर्धा'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला.

"बरं झालं बाई," बायको म्हणाली. "आता ताईंकडे जाता येईल."

"चप्पल कुठाय धड?"

"मोची दाराशी बसतो."

पेंटरनं विषय बदलला. बदलायला विषय नव्हता, म्हणून ब्रश बदलला.

ताई शिवणकाम करायची. चार वर्षांपूर्वी तिनं दुकान थाटलं तेव्हा पाटी अर्थातच भावानं रंगवली. मजकूर ठरला होता, 'येथे कपडे शिवून व उसवून मिळतील'. पेंटरनं 'येथे कपडे' इतक्या झोकात काढलं की पुढे सगळं मावेना. म्हणून त्यानं मोठ्या धोरणीपणानं 'शिवून व' गाळलं, आणि तेवढ्यासाठी वेगळी छोटी फळी करून पुढच्या आठवड्यात ठोकतो म्हणाला. उद्घाटनाला आलेल्यांनी वाचलं, 'येथे कपडे उसवून मिळतील'. एका काकांनी घाबरून सदरा घट्ट धरला. ताई सगळ्यांबरोबर हसली. मग आत जाऊन डोळे पुसून आली. ते पेंटरनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. लहानपणी त्याच्याकडून अक्षरं तिनंच गिरवून घेतली होती.

फळी त्यानं त्याच आठवड्यात रंगवली. सुरेख रंगवली. तेव्हापासून ती दारामागे उभी होती. केर काढताना बायको तिला सरकवायची आणि मोठ्यानं वाचायची, "शिवून व."

पायवाटेची शेवटची पाटी रंगवताना त्याची नजर सारखी दारामागे जात होती. लिहायचं होतं 'वाट सोडू नका'. ब्रश चालला होता आणि डोक्यात वेगळंच चालू होतं. ताई अजून वाट पाहत असेल का? छे, कशाला पाहील? पाहूच नये तिनं. पाटी वाळली, पालिकेची माणसं घेऊन गेली, लावूनही टाकली.

दोन दिवसांनी बागेच्या साहेबांचा फोन आला.

"पेंटर, तुम्ही आमची वाट लावलीत!"

"वाट तुम्ही लावलीत साहेब. मी पाट्या केल्या."

"अहो, 'वाट पाहू नका' लिहिलंय! लोक कुणासाठी थांबेनात. काल एक नवरा बायकोला कुरणात सोडून पुढे निघून गेला. विचारलं तर म्हणे, पालिकेचा नियम आहे."

"कुठली पाटी?"

"शेवटची. मैदानाकडची. ती शिलाईवाल्या बाईंची खिडकी नाही का, तिच्यासमोर."

पेंटरनं फोन ठेवला. ताई त्याचं अक्षर अंधारातही ओळखेल. तिनं खिडकी उघडली की समोर भावाचं हस्ताक्षर, पालिकेच्या शिक्क्यासह: वाट पाहू नका.

तो रंगाचा डबा घेऊन निघाला. परत आला, फळी उचलली. फळी ठेवली. डबा ठेवला. दोन्ही उचललं आणि चप्पल विसरला. बायकोनं चप्पल बाहेर फेकली आणि आतून कडी लावली.

बागेतून तो चालला नाही, सटकला. कुरणात त्यानं 'ताई, रागावू नकोस' हे वाक्य एका गाईला म्हणून दाखवलं. गाईनं तोंड फिरवलं. कालव्याशी बसावंसं वाटलं, बसला, पण बूड टेकताच उठला. जागोजागी त्याच्याच पाट्या त्याला घाई करत होत्या, 'पुढे चला'.

झाडांखालून समोरून एक बाई तरातरा येत होती. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच.

"टिल्ल्या!"

पेंटर अंगानं दारात मावत नसे, पण ताईपुरता टिल्ल्याच होता.

"ताई, ते 'सोडू' होतं."

"काय सोडू?"

"वाट. वाट सोडू नका."

"आणि मी दोन दिवस 'पाहू नका' वाचतेय! म्हटलं, चार वर्षं तोंड दाखवलं नाही, आता जाहीर कळवतोय. तेही पालिकेच्या खर्चानं!"

"मग तू निघालीस कुठे?"

"तुझ्याकडे, भांडायला. वाट पाहू नका म्हणालास ना? नाही पाहिली." तिनं फळीकडे बोट केलं. "काखेत काय आहे?"

त्यानं फळी पुढे केली. ताईनं ती वाचली. दोनच शब्द, पण फार वेळ लागला.

"आता काय उपयोग? लोक सुटलेत, जुने कपडे होईनात. उसवण्यातून डोकं वर काढायला वेळ नाही." मग तिनं फळी स्वतःच्या काखेत मारली. "ठोक तरी. चल."

मैदानाशी, त्या पाटीखाली, एक आजोबा अपराध्यासारखे उभे होते. "मागून आमची ही येतेय," ते चाचरत म्हणाले. "थोडीशी वाट पाहिली तर चालेल ना?"

"पाहा की," ताई म्हणाली. "चार वर्षं पाहिली तरी कुणी दंड करत नाही."

पेंटरनं मान खाली घालून डबा उघडला आणि 'पाहू' पुसायला घेतलं.

"मी सांगते तसं काढ," ताई त्याच्या खांद्यामागून म्हणाली. "स. काना दे. आता मात्रा. विसरशील."