बरोबरची खूण

"मॅडम, या रकान्यात बरोबरची खूण आहे. म्हणजे ताप नव्हता?"

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली चष्मेवाली पडद्याकडे बोट दाखवत होती. पडद्यावर माझ्या घरच्या वहीचं पान. संशोधनाची माहिती नीट कशी ठेवावी, हे मला बारा नव्या संशोधकांना शिकवायचं होतं: फाइलला काय नाव द्यावं, मोजलेलं जसंच्या तसं कसं जपावं, आपण नसताना ते परक्याला कसं कळावं. उदाहरण म्हणून सकाळच्या घाईत हाताला लागलं त्याचा फोटो टाकला. माझ्या चौदा महिन्यांच्या लेकीचा, ठकीचा, पाच दिवसांचा ताप. सकाळ-संध्याकाळचे आकडे माझे, दुपारच्या खुणा सासूबाईंच्या.

"नव्हताच," मी म्हणाले. "सरळ आहे."

"सरळ कसलं? मी तर औषध दिलं असं समजलो," माशांवर काम करणारा मागून म्हणाला.

"आमच्या लॅबमध्ये त्याचा अर्थ 'बघितलं'," तिसरी म्हणाली. "काय दिसलं ते देव जाणे!"

सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसताच डॉक्टरांचं बोलणं आठवलं. काल ते म्हणाले होते, दुपारी ताप उतरत असेल तर दोन दिवस थांबू. उतरत नसेल तर लगेच घेऊन या. आणि मी छातीठोकपणे सांगून आले होते, दुपारी नसतोच.

बाहेर जायचंही सुचलं नाही. तिथूनच सासूबाईंना फोन लावला.

"आई, दुपारची ती खूण म्हणजे काय हो?"

"म्हणजे बघितलं."

"किती होता?"

"अगं, तुझा वर्ग चालू आहे ना? पोरं काय म्हणतील?"

"आई, किती होता?"

पलीकडे ठकीची किरकिर ऐकू आली. मग सासूबाई एकदम हळू बोलल्या, "थर्मामीटरचे आकडे दिसत नाहीत गं मला. दोनेक महिने झाले. हात लावून बघते आणि खूण करते."

"हाताला कशी लागते?"

"गरमच. रोज. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, हिच्यावर पोर कशी सोडू?"

म्हणालेही असते. बाराजण आपापल्या वह्यांत बघत होते. पाच दिवस रोज ती वही वाचून मी निर्धास्त होत होते. त्या खुणेचा अर्थ एकदाही विचारला नव्हता. आणि इथे पगार घेऊन हेच शिकवत होते.

"तिला तयार करा. मी निघतेच. तुम्हीही चला डॉक्टरांकडे."

"मी कशाला?"

"दुपारचं तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

चष्मेवालीने माझी पर्स हातात दिली. "जा तुम्ही, मॅडम. फाइलींची नावं आम्ही बदलून ठेवतो."

डॉक्टरांनी ठकीला तपासलं आणि तपासण्यांसाठी लगेच दाखल करून घेतलं. "आज आणलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले, आणि वही मागितली.

"थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या. माझं पेन घेऊन त्या बाकावर बसल्या. कागदाला नाक टेकेल इतक्या वाकून त्यांनी पहिल्या खुणेपुढे लिहिलं, 'हाताला गरम. आकडा दिसला नाही.' मग दुसरीपुढे. पाचही खुणांपुढे तेच, पूर्ण वाक्यात. शेवटची ओळ रकान्याबाहेर उतरत गेली. मी हात पुढे केला नाही.